दुमडलेला पेपर

३ एप्रिल

प्रिय आत्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. माझा फोन आईच्या कपाटात चादरींच्या खाली कुलूपबंद आहे आणि प्रवेशाचं नक्की होईपर्यंत तिथेच राहणार आहे. घरच्या फोनवरून बोलावं, तर बाबा शेजारीच वह्या तपासत बसलेले असतात. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ते अशी मान हलवतात की पुढचं वाक्य सुचतच नाही. म्हणून पत्र. बाबा दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत, एवढी सोय आपल्या घरात आहे.

शाळेने गुण तुझ्या शहरातल्या विद्यापीठाकडे पाठवले. भाषा चांगली, विज्ञान बरं, चित्रकला उत्तम. गणित अठ्ठावन्न. आणि मला शिकायचंय काय, तर पूल बांधायला! तिथे येणाऱ्या मुलांना गणितात नव्वदच्या खाली आकडे असतात हेच माहीत नसेल. बाबांना विचारलं, आता काय होईल? म्हणाले, "जेवढे मिळायला हवे होते तेवढे मिळालेत." शाळेत गणित शिकवणारे तेच, तपासणारेही तेच, मग वाद कुणाशी घालणार?

वर्गात ते पेपर कसे देतात, तुला सांगितलंय का मी? सगळ्यांचे देऊन होतात आणि माझा शेवटी. दुमडलेला, पालथा. वर्गातली मुलं तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात. इतकी दया कुणी कुणाची करू नये. मी तो तसाच दप्तरात कोंबते, घरी येऊन आकडा बघते आणि खालच्या खणात टाकते.

विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा वीस तारखेला आहे. त्यांचं म्हणणं, शाळेचे गुण आणि ही परीक्षा दोन्ही बघून मुलाखतीला बोलावतात. तुझ्याकडे दोन दिवस राहायला येऊ?

तुझी ठमी


९ एप्रिल

ठमे,

येऊ का म्हणून काय विचारतेस? दुकानाच्या वरची खोली रिकामीच आहे. चष्म्याच्या फ्रेमांची खोकी तेवढी सरकवावी लागतील. ती तूच सरकव, माझी कंबर आता कुणाच्याही परीक्षेसाठी वाकत नाही.

आता कान टोचते, ऐकून घे. तुझा बाप लहानपणापासून असाच. पाव कापायचा असला तरी पट्टी घेऊन यायचा आणि सगळ्यांत बारीक तुकडा स्वतःला ठेवायचा. त्याने तुला अठ्ठावन्न दिले असतील तर ते अठ्ठावन्नच असणार. त्याच्यावर रुसून काय उपयोग? गणित जमत नसेल तर तसं कबूल कर, रोज उठून कर आणि जोडीला एखाद्या साध्या कॉलेजातही अर्ज टाकून ठेव. माझ्या दुकानात रोज माणसं येतात, समोरचा फळा दिसत नाही आणि वर म्हणतात, फळाच पुसट आहे. तसं करू नकोस.

बोलणं कडू वाटलं तर वाटू दे. येशील तेव्हा तोंड गोड करीन.

आत्या


३० मे

प्रिय आत्या,

निकाल लागला. प्रवेश परीक्षेत गणितात एक्याण्णव! मी तीनदा क्रमांक ताडून पाहिला. दुसऱ्या कुणाचं नाव असेल असंच वाटत होतं. आईने मला मिठी मारली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबा म्हणाले, "पेपर सोपा असेल." मीही तेच धरून चालले होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काल विद्यापीठाचं पत्र आलं. मुलाखतीला बोलावलंय, अठरा जुलैला. खाली मात्र लिहिलंय की शाळेचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण यांत मोठी तफावत आढळली आहे, तरी तिचा समाधानकारक खुलासा केल्याशिवाय प्रवेशाचा विचार होणार नाही. विषयशिक्षकांचं स्पष्टीकरण असल्यास सोबत आणावं.

समाधानकारक म्हणजे कसला गं? मलाच कळलेलं नाही की एक्याण्णव कसे पडले. त्यांना काय सांगू?

बाबांच्या पुढ्यात पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं, परत घडी घातली, "बघतो" म्हणाले आणि भांडी घासायला गेले. आज त्यांची पाळी नव्हती.

तुझी ठमी


४ जून

ठमे,

एक्याण्णव! दुकानातल्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगितलं मी. तो बिचारा नंबर काढायला आला होता, अभिनंदन करून गेला.

पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. आडवळणाने विचारायची मला सवय नाही, म्हणून सरळ विचारते, आणि खरं सांग. परीक्षेत तू काही केलं नाहीस ना? शेजारच्याचं बघितलं, कुणी काही सांगितलं, असलं काही? तुझ्या बापाच्या हातचे अठ्ठावन्न एका महिन्यात एक्याण्णव होतात हे मला पटत नाही, तर त्या लोकांना कसं पटेल? असं काही असेल तर आत्ताच सांग. मी ओरडणार नाही. आपण अर्ज मागे घेऊ, पुढच्या वर्षी बघू.

काही नसेल तर विसरून जा.

आत्या


१९ जून

ठमे,

उत्तर नाही. रविवारी फोन केला तर वहिनी म्हणाली, ती खोलीतून बाहेर येत नाही, जेवायलासुद्धा चार घास ढकलले तर ढकलले. मी तिला कारण सांगितलं नाही. माझीच जीभ जळो, कुठल्या तोंडाने सांगणार?

मी विचारलं ते चुकलं. तू आठ वर्षांची असताना माझ्याकडून एक लेन्स फुटली होती. मी तुला ओरडणार इतक्यात तूच म्हणालीस, "आत्या, तुझ्या हातून पडली, मी पाहिलं." असली पोर शेजारच्याचं बघेल? पण तुझ्या बापाच्या आकड्यावर माझा इतका विश्वास की त्यापुढे तुझ्यावरचा कमी पडला. याचं मला फार वाईट वाटतंय.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

आत्या


२४ जून

आत्या,

शिव्या लिहायला बसले होते, पण तुझ्या त्या लेन्समुळे पान फुकट गेलं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मला खरंच वाटायला लागलं की मी कॉपी केली असेन. हसू नकोस. माझं गणित वाईट आहे हे मला इतकं पक्कं माहीत होतं की एक्याण्णव म्हणजे काहीतरी लबाडीच असणार.

मग शेपटी आली. शेपटी म्हणजे माझी मैत्रीण, लहानपणापासून सगळीकडे माझ्या मागे, म्हणून शेपटी. तिलाही त्याच विद्यापीठात जायचंय. मुलाखतीत गणित विचारतात, शाळेच्या सराव परीक्षेचा पेपर पुन्हा सोडवू या, म्हणाली, आणि आपला पेपर घेऊनच आली. मी म्हटलं, माझा नाही दाखवत. तिने खण उघडून काढलाच. मी हिसकावायला गेले, तर ती पाचव्या गणितावर बोट ठेवून बघतच राहिली.

आम्ही दोघींनी दोन पेपर पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. पाचवं गणित. तिच्या आणि माझ्या पायऱ्या सारख्या, उत्तरही तेच. तिला दहापैकी दहा. मला सहा. सातव्यात तिने एक पायरी गाळलेली, तिला आठ. माझ्यात सगळ्या पायऱ्या, मला पाच. मग आम्ही खणातले सगळे जुने पेपर काढले. शेपटी दर वेळी म्हणायची, "अगं, हे तर बरोबर आहे." शेवटी शेवटी तिचं ते वाक्य ऐकवेना. मी तिला घरी जा म्हटलं.

मला वाटायचं ते पेपर पालथा देतात तो माझी लाज झाकायला.

आत्या, बाबांना काही विचारू नकोस. मला तुझी शपथ. मीच ठरवीन काय करायचं ते. ते रोज समोर बसून जेवतात आणि मला त्यांच्याकडे बघता येत नाही.

तुझी ठमी


२८ जून

धाकट्या,

पोरीने शपथ घातली होती. ती मोडून लिहिते आहे, तेव्हा पत्र नीट वाच, उभ्या उभ्या वाचू नकोस.

तिने आणि तिच्या मैत्रिणीने पेपर शेजारी ठेवून पाहिले. तेच उत्तर, त्याच पायऱ्या. त्या मुलीला दहा आणि स्वतःच्या मुलीला सहा. असं एकदा नाही, दर वेळी. हे खरं आहे का? असेल तर का? एकुलती एक पोर, तिने तुझं काय घोडं मारलंय?

मी तिला महिनाभरापूर्वी विचारलं की तू कॉपी केलीस का. तुझ्या न्यायावर विसंबून विचारलं. आता मला स्वतःची लाज वाटते, आणि तुझी त्याहून जास्त.

विद्यापीठाला एक कागद हवा आहे. त्यावर खरं काय ते लिही. तुझ्याशिवाय ते कुणी लिहू शकत नाही. नाही लिहिलंस तर ती लबाड ठरेल आणि तिचं वर्ष नाही, अख्खी दिशाच जाईल. ती मुलाखतीत तुझं नाव घेणार नाही, मी ओळखते तिला.

ताई


५ जुलै

ताई,

नमस्कार घे आणि रागावू नकोस, याच क्रमाने.

खरं आहे. ती माझ्या वर्गात आली त्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसत म्हणालं, "आता पहिला नंबर घरातच." चेष्टाच होती. पण मला झोप लागेना. मी शाळेत जे काही कमावलं ते एवढंच, की माझ्या आकड्याला कुणी बोट लावत नाही. तिला जास्त दिले असं कुणी म्हणता कामा नये, म्हणून हात आखडता घेतला. दहाचे आठ केले असतील. तिला समजणारही नाही आणि ती आणखी जोर लावेल, असं वाटलं. मग एकदा आखडलेला हात सोडता येईना. एकदम गुण वाढले असते तर ते जास्त डोळ्यांत आलं असतं.

तू म्हणतेस ते लिहून देणं सोपं नाही. मी मुद्दाम गुण कापले असं कागदावर आलं, तर त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या गुणांवर शंका येईल. त्यांतली चार जणं त्याच विद्यापीठात अर्ज करून बसली आहेत. त्यांनी काय केलंय? त्यांचे गुण चोख आहेत. माझ्या हातून कुणाचं नुकसान झालेलं नाही, तिच्याशिवाय.

मला विचार करू दे. मुलाखतीला मी तिला घेऊन येतो आहे. तुझ्याकडे उतरू का, की उतरू नको?

धाकटा


९ जुलै

ठमे,

शपथ मोडली. काय रागवायचं ते इथे येऊन रागव. धाकट्याला मी लिहिलं आणि त्याने नाकारलं नाही. पण कागद लिहून द्यायला तयार होईना. बाकीच्या मुलांचं कारण सांगतो. ते कारण खोटं नाही, म्हणूनच माझी चिडचिड होते आहे.

तू मुलाखतीत खरं बोल. बापाला पाठीशी घालू नकोस. पाच रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. काल एका बाईला भलत्याच नंबरच्या काचा बसवून दिल्या. ती दारातच खांबाला धडकली.

दोघेही माझ्याकडेच उतरा. त्याला मी चहा देईन, बोलेनच असं नाही.

आत्या


२४ जुलै

प्रिय आत्या,

घरी पोचलो. तुझ्याकडे असताना मला काही सांगताच आलं नाही. तू विचारत होतीस आणि मी नुसती "बरं झालं" म्हणत होते. बाबाही भिंतीकडे बघत चहा पीत होते. आता सांगते.

आत तिघं होती, मधे एक वयस्क बाई. मला फळ्यावर एक गणित दिलं. दोन टेकूंवर एक तुळई आहे, वजन एका बाजूला सरकवलेलं आहे, तर कुठल्या टेकूवर किती भार येतो. सोपं होतं. मी सोडवलं आणि ते खुर्चीवरून उठून बघायला येणार, इतक्यात तळहाताने पुसून टाकलं.

बाई म्हणाल्या, "का पुसलंस?"

"चुकलं असेल."

"कुठे चुकलं?"

"माहीत नाही."

"मग चुकलं कशावरून?"

मी म्हटलं, "माझं चुकतंच."

आत्या, हे बोलताना मला काही विशेष बोलते आहे असंही वाटलं नाही. पण ती तिघं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी पुन्हा सोडवायला सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं. म्हणाल्या, "आता हात मागे बांधून उभी राहा." उत्तर बरोबर होतं.

मग तफावतीचं विचारलं. मी म्हटलं, आमचे सर कडक आहेत. दुसऱ्या गृहस्थांनी कागद चाळला. "तुमचं आणि सरांचं आडनाव एकच आहे. कोण लागतात?" माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, वडील. मग माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं की वर्गातल्या इतर मुलांचे गुण अगदी बरोबर आहेत, मी मैत्रिणीचे पेपर ताडून पाहिलेत, हे आधी लिहून घ्या. "आणि तुझे?" बाईंनी विचारलं. तू रागावशील, पण मला नाही बोलता आलं. त्यांनी जा म्हटलं, आणि मला कळून चुकलं की संपलं.

बाहेर बाबा बाकावर बसले होते. माझ्या हाताला खडू लागला होता. त्यांनी तो पाहिला. शिक्षकच ते, काय झालं असेल ते ओळखलं.

"पुसलंस?"

"हो."

"बरोबर होतं?"

"हो."

ते उठले आणि दार न वाजवता आत गेले. आत्या, परवानगी न विचारता वर्गात आलेल्या मुलाला ते परत बाहेर उभं करतात. आतून त्यांचा आवाज येत होता, अगदी शिकवताना असतो तसा, शब्द कळत नव्हते. मग मधेच आवाज थांबला. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "चल," एवढंच म्हणाले.

काय होईल गं? पोस्टमन दोन गल्ल्या पलीकडे असला तरी मला त्याची सायकल ऐकू येते.

तुझी ठमी


६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मिळाला. प्रवेश मिळाला! आईने फोनवर सांगितलंच असेल, पण मला माझ्या हाताने लिहायचं होतं. शाळेचे अठ्ठावन्न मात्र तसेच राहणार, ते बदलता येत नाहीत. म्हणून अट घातली आहे की पहिल्या सहामाहीत गणिताचा जादा वर्ग करायचा आणि त्यात पास व्हायचं. शेपटीलाही मिळाला. तिच्या पेपरांची फेरतपासणी झाली, सगळ्या वर्गाचीच झाली. बाबा मुलाखतीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे जाऊन, तिथे आत सांगितलं होतं ते सगळं सांगून आले होते. विज्ञानाच्या बाईंनी पेपर तपासले. कुणाचा एक गुणसुद्धा हलला नाही. बाबांकडून वरचे वर्ग काढून घेतलेत. आता ते लहान मुलांना बेरजा शिकवतात आणि शिक्षकांच्या खोलीत न बसता वर्गातच डबा खातात. आई म्हणते, ते त्यांचं ते बघतील, तू तुझं बघ.

काल जेवताना मी विचारलं. भांडायचं म्हणून नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, "बाबा, माझे खरे किती होते?"

मी म्हटलं, अंदाजे सांगा, ऐंशी? पंच्याऐंशी? माझे पेपर त्या फेरतपासणीत नव्हते गं, मुलाखतीनंतर मी ते सगळे फाडून टाकले होते. आता त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

त्यांनी घास ताटात परत ठेवला. म्हणाले, "मला माहीत नाही, ठमे. तुझा पेपर मी दुसऱ्यांसारखा तपासलाच नाही कधी. उघडायच्या आधीच आकडा ठरलेला असायचा. मग तेवढे होतील असं कापत जायचो. खरे किती, ते मी कधी मोजलेच नाहीत."

आणि रडले. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला जवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. मग गेले. राग आहेच, तो इतक्यात जाईल असं वाटत नाही. ते मला सोडायला येणार आहेत, मी नको म्हटलेलं नाही.

पंधरा तारखेला येते. खोकी मीच सरकवीन. जादा वर्गाची तू काळजी करत असशील, आईसुद्धा करते आहे. भीती मलाही वाटते. पण आत्या, तिथे कुणी मला नापास केलंच, तर माझा पेपर वाचून करेल.

तुझी ठमी